चर्चा : मे महिन्याची दुपार घरातच काढावी का?

नागपूरकर
उन्हाळी सुट्टी लागली की हल्ली दोनच प्रश्न कानावर येतात : यंदा कुठे जाणार, आणि मुलांना कोणत्या शिबिरात घातले? घरीच आहोत असे सांगितले, की समोरचा माणूस सांत्वनाच्या सुरात बोलू लागतो. माझे मत असे, की विदर्भातला मे महिना घरात बसून उपभोगण्यासाठीच आहे. पारा 45 अंशांना टेकतो, शाळासुद्धा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. मग हट्टाने बाहेर पडायचे कशासाठी? अकराच्या आत बाहेरची कामे उरकावीत, कूलरच्या टाकीत पाणी भरावे, वाळ्याच्या ताट्या सगळीकडून भिजल्या आहेत ना ते पाहावे आणि हवा बाहेर पडायला समोरचे दार किलकिले ठेवावे. (दार घट्ट लावून घेणारेच पुढे कूलरने घर दमट होते म्हणून कुरकुरतात.) जेवायला आमरस, नंतर तासभर झोप, उठल्यावर माठातल्या पाण्यात कालवलेले पन्हे, आणि ऊन उतरेपर्यंत बदाम सात. यातून मुलांना काहीही शिकायला मिळत नाही, हीच मला यातली मोठी गोष्ट वाटते.

माजघर
आपले वर्णन वाचताना पन्ह्याची चव जिभेवर आली, हे मान्य करते. परंतु त्या दुपारी कैऱ्या कोणी उकडल्या, रस कोणी काढला आणि आपण झोपलेले असताना रसाची पातेली कोणी घासली, याचा त्यात उल्लेखही नाही. आमच्या घरी मे महिना म्हणजे कुरडयांचा महिना असे. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून, गाळून चीक काढायचा आणि तो रात्रभर निवळू द्यायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे वरचे पाणी ओतून टाकून चीक शिजवायला घेतला, की गुठळी होऊ नये म्हणून हात क्षणभरही थांबवता येत नसे, आणि तो गरम असतानाच सोऱ्यात भरून ऊन चढण्यापूर्वी गच्चीवर घालावा लागे. आम्हां मुलांना वाटीभर गरम चीक तेल घालून मिळे, तोही वर्षातला मोठा आनंद होता, हे नाकारत नाही. मात्र आईच्या मनगटाला त्या दिवसांत तेल चोळावे लागे. तेव्हा निवांत दुपार हे सुख खरे असले, तरी ते घरात सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही, एवढे तरी नोंदवा.

डोंबिवलीकर
आमच्याकडे कूलर लावला तर भिंतींना घाम फुटेल! हवेतच इतका ओलावा असतो, की ताटीवरचे पाणी उडून हवा थंड होण्याला वावच उरत नाही. शिवाय आम्ही दोघेही नोकरी करतो. शिबिर ही आमची हौस नसून, मुलगी सुरक्षित राहावी यासाठी केलेली सोय आहे. ज्यांच्या घरी दुपारी मोठे माणूस असते, त्यांनी शिबिरांना नावे ठेवणे सोपे आहे.

नागपूरकर
शिबिर ज्यांची गरज आहे, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. आजी-आजोबा घरी असूनही मुलांचा प्रत्येक तास भरून टाकणाऱ्यांविषयी आहे. माजघर ताईंच्या मुद्द्यावर मात्र एवढेच म्हणेन, की उपाय काम वाटून घेण्यात आहे. सोऱ्या दाबायला पुरुषाचा हात चालतो आणि पातेली तर दहा वर्षांचे मूलही घासू शकते. कामाची वाटणी चुकली म्हणून दुपारच रद्द करावी, हे पटत नाही. कुरडया बचत गटाकडून विकत घेतल्या तरी काही बिघडत नाही.

माजघर
बिघडत नाही, हे खरे. पण त्या गटातही पहाटे उठून चीक ढवळणारी एक बाईच असते. फरक इतकाच, की तिला त्याचे पैसे मिळतात, आणि तो फरक मी लहान मानत नाही. वाटणीचे म्हणाल, तर घरातले पुरुष एक दिवस हौसेने सोऱ्या दाबतात, फोटोही काढून घेतात. रोजच्या पातेल्यांच्या वेळी मात्र त्यांचा डोळा लागलेला असतो.

पत्र्याखाली
ही सगळी चर्चा स्लॅबच्या घरातली आहे. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता बाहेरच्यापेक्षा आतच जास्त तापते. वर चुना मारला की थोडा उतार पडतो, पण झोप लागण्याइतका नाही. आमच्या वस्तीत बाया-माणसे, म्हातारे, पोरे सगळे कडुनिंबाखाली खाटा टाकून बसतात, तिथेच पत्ते रंगतात आणि तिथेच लसूणही निवडला जातो. मजा आम्हीही करतो, पण त्यासाठी आम्हांला घराबाहेरच यावे लागते. रस्ता रुंद करताना तो कडुनिंब तोडू नये, म्हणून नगरसेवकाकडे अर्ज दिला आहे. घरातल्या गारव्यावर लिहिणाऱ्यांनी अशा अर्जांवर सह्याही कराव्यात.