भावाचे पैसे खाल्ले, देवीला बकरं देऊन फिटेल का?

माणदेशी:
सरळच विचारतो. तीन वर्षांमागं सामाईक रानातला कांदा मी विकला आणि भावाला पट्टी कमी सांगितली, त्याचे ४० हजार माझ्याकडंच राहिले. त्यानं विचारलं तर आईच्या गळ्याची शपथ घेऊन मोकळा झालो. आता झोप लागत नाही. आईला सगळं सांगितलं, ती म्हणते जत्रेत देवीला बकरं दे, चुकलंमाकलं ती पोटात घालते. पण बकऱ्याचा यात काय दोष?

रानवाट:
आमच्यात अजून देतात. बकऱ्यावर पाणी शिंपडायचं, त्यानं अंग झाडलं की देवीनं मान्य केलं. लहानपणी बघितलंय, एक बकरं काही केल्या अंग झाडेना, ओल्या मानेनं नुसतं उभं, आणि आमचा चुलता हात जोडून रडायला लागला, आई माझं काय चुकलं सांग म्हणून. त्यामुळं हे सगळं मटणासाठी असतं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

अलिबागकर:
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्या तोरा या धर्मग्रंथातपण बळी आहेत, पापाचा वेगळा, दोषाचा वेगळा. गरिबाला बकरं झेपत नसेल तर दोन पारवे, तेही नसतील तर नुसतं सपीठ, त्यावर तेलसुद्धा नाही. पण त्यातल्या लेवीय नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात अगदी तुझीच केस आहे बघ, शेजाऱ्याला फसवलं आणि वर खोटी शपथ घेतली. त्यानं आधी पूर्ण रक्कम आणि वर पाचवा हिस्सा ज्याचे त्याला द्यायचा, मेंढा त्याच्यासोबत. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, तेव्हापासून बळी बंदच. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, आम्ही दिवसभर उपास करतो, पण माणसाचा केलेला गुन्हा त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय उपासानंसुद्धा फिटत नाही, असं मिश्ना या आमच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात स्पष्ट आहे.

तुळशीमाळ:
घरात माळ आहे, त्यामुळं बकरं नाहीच. गाडगेबाबा कीर्तनात जीव तोडून हेच सांगायचे, देवाला बकरं कापू नका. आईच्या मनासाठी पुरणाचा नैवेद्य दाखव, देवी काय उपाशी नाही.

माणदेशी:
शपथेचं वाचून अंगावर काटा आला. म्हणजे ४८ हजार होतात. भाऊ पुण्याला असतो, खात्यावर पाठवले तर चालतील का?

अलिबागकर:
जाऊन दे. खात्यावर टाकलेस तर तो फोन करून विचारणार कसले पैसे, आणि तू परत काहीतरी खोटं सांगशील.