सिकलसेल: पैसा जनुक-संपादनात घालावा की गोळ्यांत?

कडूनिंब:
सिकलसेलवरच्या (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजारावरच्या) जनुक-संपादनाच्या पहिल्या उपचाराला, कॅसजेव्हीला, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि महिन्याभरात अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर! आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी जनुकशास्त्र संस्थेने 'बिरसा १०१' हा क्रिस्पर (जनुक नेमक्या जागी कापून बदलायचं तंत्र) उपचार विकसित केलाय आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिलंय. तिकडे अमेरिकेच्या प्रोफ्लुएंट कंपनीने २०२४ मध्ये चक्क एआयकडून नवं क्रिस्पर प्रथिन रचून घेतलं, आणि त्याने मानवी पेशींत जनुक-संपादन करून दाखवलं. माझं मत सरळ आहे: सरकारने इथे हात सैल सोडावा. आजार गडचिरोली-नंदुरबारचा, मग औषधासाठी बोस्टनच्या कंपन्यांकडे का बघत बसायचं?

तर्कट:
धाग्यात एआय उगाच घुसडलंय. सिकलसेल हा रेणूचा आजार आहे हे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगने १९४९ मध्येच दाखवलं. हिमोग्लोबिनच्या बीटा-ग्लोबिन या भागातलं एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, हे १९५० च्या दशकातच कळलं. कॅसजेव्ही ज्या बीसीएल११ए जनुकावर (गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद ठेवणाऱ्या) काम करते, ते माणसांच्या जनुकीय अभ्यासातून सापडलं. यात एआय कुठे आलं?
आणि उपचार म्हणजे एक इंजेक्शन नव्हे. रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत बदलायच्या, मग बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन अस्थिमज्जा रिकामी करून त्या परत सोडायच्या. काही आठवडे इस्पितळात, वर वंध्यत्वाचा धोका. हे तालुक्याच्या ठिकाणी करणार आहात का?

कडूनिंब:
@तर्कट, एआयचं श्रेय या औषधापुरतं मागे घेतो, पुढच्यांसाठी नाही. प्रथिनांचे आकार ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या एआयच्या कामाला २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल काय उगाच मिळालं? बुसल्फान टाळून थेट शरीरातच जनुक बदलायचं तर नवी, नेमकी प्रथिनं लागणार, आणि ती रचायला एआय लागणारच. महाग म्हणून सोडून द्यायचं म्हणाल, तर आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची नेक्सकार१९ बघा. परदेशात कोटींत जाणारी कार-टी उपचारपद्धती (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगावर सोडायची) इथे लाखांत आली. तेव्हाही 'आपल्याला परवडणार नाही' म्हणणारे होतेच.

सिस्टरताई:
मी आदिवासी भागात सिकलसेल तपासणीचं काम करते, म्हणून लिहिते. सोल्युबिलिटी टेस्ट या रक्ताच्या पहिल्या चाचणीत नळीमागच्या काळ्या रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, पाणी गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. मग नमुना पुढे जातो, एएस (नुसता वाहक) की एसएस (आजार असलेला) ते ठरायला. तो रिपोर्ट येईपर्यंत माणूस कामाला निघून गेलेला असतो. तेंदूपत्त्याच्या हंगामात उन्हात, पाण्याविना राबून एसएसची पोरं सांधे धरून येतात. त्यांना हायड्रॉक्सीयुरिया (त्रास कमी करणारी रोजची गोळी) हवं असतं, ते कधी असतं, कधी नसतं. असलं तरी अधूनमधून सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करावी लागते, त्याला तालुक्याला जायचं म्हणजे एक मजुरी बुडाली. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन जुलै २०२३ मध्ये सुरू झालं, सात कोटी लोक तपासायचं उद्दिष्ट. तपासून झाल्यावर पुढे काय, ते विचारा.

तर्कट:
सिस्टरताईंना +१. आधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षभर गोळी मिळू द्या.

कडूनिंब:
ताई, पटलं. पण गोळी मिळत नाही ती काही संशोधनाने पैसा खाल्ला म्हणून नव्हे. दोन्ही खर्च वेगळ्या खात्यांतून होतात. प्रयोगशाळेचा निधी कापला म्हणून कपाटात हायड्रॉक्सीयुरिया येणार आहे का?

पुणेरी पेशी:
कापून येणार नाही, पण सांगड घालता येईल. ज्या जिल्ह्यात बिरसाच्या चाचण्यांसाठी रुग्ण घ्याल, तिथे नियमित गोळी आणि सीबीसीची हमी आधी द्या, अशी अट का नको? नाहीतर रक्त आदिवासींचं, नाव बिरसाचं आणि उपचार मुंबईतल्या खाजगी इस्पितळात.

सिस्टरताई:
ही अट मान्य. फक्त सीबीसीचं मशीन बिघडलं तर दुरुस्त कोणी करायचं, तेही त्यात लिहा.