जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या बॅकग्राउंड सर्व्हिसेस बंद केल्या तर स्पीड खरंच वाढतो का?

ऐरोलीकर
मंडळी मदत हवी आहे. घरात जुना लॅपटॉप आहे, आय५ सातवी जनरेशन, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. बायको त्यावर रबाळे एमआयडीसीतल्या काही छोट्या कारखान्यांची अकाउंट्स बघते, टॅली, एक्सेल आणि क्रोममध्ये जीएसटी पोर्टल, बाकी काही नाही. पण सकाळी चालू केला की बराच वेळ नुसतं गोल फिरत राहतं, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क कायम १०० टक्के, आणि २० तारखेला ३बी (जीएसटीचं दरमहाचं रिटर्न) भरायची असते तेव्हा तर तिचा जीव टांगणीला लागतो.

सोसायटीतल्या एका मुलाने यूट्यूबवरची लिस्ट पाठवली आहे. सिसमेन, विंडोज सर्च, प्रिंट स्पूलर, स्मार्ट कार्ड, विंडोज अपडेट, डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) सगळं डिसेबल करा म्हणतोय, शिवाय एक स्क्रिप्ट आहे जी एका क्लिकमध्ये हे सगळं करते. बॅकग्राउंडला दीडशेच्या आसपास प्रोसेस दिसतात त्यामुळे मलाही वाटतंय की यातलं अर्धं तरी फालतू असेल. करू का? नवीन लॅपटॉप घेणं आत्ता तरी जमणार नाही.

कळवा_सिस्टिमवाला
स्क्रिप्ट अजिबात चालवू नका. काय काय बदललं ते नंतर कळत नाही आणि मग दोन महिन्यांनी काहीतरी चालेनासं झालं की कुठे शोधणार.

प्रोसेसच्या आकड्याला घाबरू नका. २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून, साडेतीन जीबीच्या वर रॅम असेल तर विंडोज बहुतेक सर्व्हिसेस वेगवेगळ्या एसव्हीसीहोस्टमध्ये (सर्व्हिसेस चालवणारी विंडोजची प्रोसेस) चालवतं, आधी त्या एकाच प्रोसेसमध्ये गठ्ठ्याने असायच्या. म्हणून लिस्ट लांब दिसते, काम तेवढंच आहे. आणि बऱ्याच सर्व्हिसेस मॅन्युअल ट्रिगर स्टार्टवर असतात, म्हणजे गरज लागेपर्यंत त्या उठतच नाहीत, त्या डिसेबल करून काय मिळणार? या लिस्टांची सवय एक्सपीच्या काळातली आहे, तेव्हा ६४-१२८ एमबी रॅमवर मशीन चालायची, ५ एमबी वाचले तरी फरक दिसायचा.

बंद करायचंच असेल तर आपण स्वतः घातलेलं बंद करा. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, स्टार्टअप टॅबमध्ये जा, तिथे प्रिंटरवाल्याचा हेल्पर, लॅपटॉप कंपनीचा असिस्टंट, मीटिंगचं अ‍ॅप असलं जे काही असेल ते डिसेबल. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिममध्ये जाऊन क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंडला अ‍ॅप्स चालू ठेवायचा ऑप्शन ऑफ करा आणि मेमरी सेव्हर ऑन करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. हे सगळं कधीही परत चालू करता येतं.

कोपरखैरणे_अकाउंट्स
ऐरोलीकर, मीही हेच काम करते म्हणून लिहितेय, बाकी कोणी सांगणार नाही. लिस्टमध्ये स्मार्ट कार्ड आहे ना, ती सर्व्हिस बंद केलीत तर डीएससीचं म्हणजे डिजिटल सहीचं यूएसबी टोकन ओळखलंच जाणार नाही. विंडोजच्या दृष्टीने ते टोकन म्हणजे स्मार्ट कार्डच. प्रायव्हेट लिमिटेड आणि एलएलपी क्लायंट असतील तर जीएसटी रिटर्नवर डीएससी लागतेच, तिथे ओटीपीवर भागत नाही. एका क्लायंटच्या ऑफिसमध्ये कोणीतरी असंच "ऑप्टिमाइज" करून ठेवलं होतं आणि २० तारखेला संध्याकाळी टोकन लावलं तर दिवा लागतोय पण पोर्टलवर सर्टिफिकेटच दिसत नाही, सगळे ड्रायव्हर उडवून परत टाकतायत, शेवटी सर्व्हिसेसमध्ये जाऊन बघितलं तर स्मार्ट कार्डसमोर डिसेबल्ड लिहिलेलं. लेट फी आणि व्याज क्लायंटला लागतं हो, आणि बोलणी आपण खातो.

प्रिंट स्पूलर, म्हणजे प्रिंटची कामं रांगेत लावणारी सर्व्हिस, बंद केलात तर प्रिंट टू पीडीएफ पण जाईल. तो बंद ठेवायचा सल्ला २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर नावाची स्पूलरमधली सुरक्षेची त्रुटी सापडली तेव्हा दिला होता, पण तो सिक्युरिटीसाठी, स्पीडसाठी नाही.

वर्तकनगर_ठाणे
मी थोडं वेगळं सांगतो. हार्ड डिस्कवाल्या मशीनवर सिसमेन आणि विंडोज सर्च बंद करून फरक पडतो, माझ्या भावाच्या दुकानातल्या पीसीवर पडलाय, चालू केल्या केल्या जी खरखर चालायची ती थांबली. त्यामुळे सरसकट काहीच करू नका म्हणणं बरोबर नाही.

कळवा_सिस्टिमवाला
@वर्तकनगर मान्य, पडू शकतो, पण त्या पीसीला रॅम किती होती ते महत्त्वाचं आहे. सिसमेन म्हणजे आपलं जुनं सुपरफेच, व्हिस्टापासूनचं, तुम्ही रोज काय उघडता ते बघून आधीच रॅममध्ये आणून ठेवतं, डिस्क खरखरते ती त्यामुळे. पण विंडोज १० मध्ये मेमरी कॉम्प्रेशनसुद्धा त्याच सर्व्हिसवर चालतं. म्हणजे रॅम भरत आली की विंडोज न वापरलेला भाग दाबून रॅममध्येच ठेवतं, डिस्कवर पाठवायच्या आधी. ८-१६ जीबी असेल तर सिसमेन बंद केल्याने काही बिघडणार नाही, ४ जीबीवर बंद केलं तर जे दाबून ठेवलं असतं ते सगळं पेजफाइलमध्ये म्हणजे त्याच हळू डिस्कवर जाणार. सुरुवातीची दहा मिनिटं बरी वाटतील आणि क्रोमचे सात-आठ टॅब उघडले की आधीपेक्षा वाईट हाल. करून बघायचंच असेल तर आधी नुसतं स्टॉप करा, डिसेबल नको, दिवसभर काम करा आणि मग ठरवा.

सर्चचं म्हणाल तर पूर्ण बंद करायची गरज नाही, सर्च आधीच फाइल्सची यादी करून ठेवतं, त्याच्या इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये जाऊन टॅलीचा डेटा फोल्डर आणि जुने बॅकअप वगळा, पुष्कळ झालं.

उरण_फाटा
अपडेट आणि डिफेंडरला हात लावू नका, विशेषतः ज्या मशीनवर दुसऱ्यांचे हिशोब आहेत तिथे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरस आला तेव्हा आमच्या इथल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं होतं, विसरलो नाही आम्ही. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जायला तो ज्या वाटा वापरत होता त्यातल्या एका भोकाचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता.

अपडेट नको त्या वेळी येतं हाच त्रास असेल तर अ‍ॅक्टिव्ह अवर्स (कामाचे तास, त्यात अपडेटसाठी मशीन आपोआप रीस्टार्ट होत नाही) लावा, आणि १७-१८ तारखेला सात दिवसांचा पॉज दाबा. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये दुसऱ्या पीसींना अपडेट पाठवायचं बटण असतं ते मात्र खुशाल ऑफ करा.

आणि मुळात, डिस्क १०० टक्के आहे तर एमबी किती वाचतेय ते बघितलंत का? परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कवर क्लिक करून रीड स्पीड आणि अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम सांगा. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पण टाकून बघा, फुकट आहे.

ऐरोलीकर
सगळ्यांचे आभार, स्मार्ट कार्डचं ऐकून बायकोने कपाळाला हात लावला, तिच्याकडे दोन प्रायव्हेट लिमिटेड आहेत.

आत्ता बघितलं. डिस्क १०० टक्के, पण रीड स्पीड एक एमबीच्याही खाली, रिस्पॉन्स टाइम मध्येच दोन-तीन हजार मिलिसेकंद दाखवतोय. क्रिस्टलमध्ये पिवळं कॉशन आलंय आणि करंट पेंडिंग सेक्टर काउंटच्या पुढे शून्य नाही. हे वाईट आहे का?

उरण_फाटा
हो, वाईट आहे. चांगली ५४०० आरपीएमची डिस्क एक फेरा ११ मिलिसेकंदात पूर्ण करते, तिथे हजारात रिस्पॉन्स म्हणजे डिस्कला काही सेक्टर वाचता येत नाहीयेत, ती तेच तेच परत वाचायचा प्रयत्न करतेय आणि विंडोज तोंडाकडे बघत बसलंय. म्हणून १०० टक्के बिझी आणि हातात काहीच नाही. यात कुठलीही सर्व्हिस बंद करून उपयोग नाही.

आता आधी टॅलीचा डेटा फोल्डर, एक्सेलच्या फाइल्स आणि डेस्कटॉप बाहेर काढा, दोन वेगळ्या ठिकाणी, आजच. डीफ्रॅग, चेकडिस्क काही लावू नका त्याआधी, मरायला टेकलेल्या डिस्कला त्यात आणखी पळवाल. डीएससीची काळजी नको, ती टोकनमध्येच असते.

मग हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवाली डिस्क) टाका. हार्ड डिस्क सेकंदाला शंभरच्या आसपास बारीक रीड करते, साधी एसएसडी हजारोंनी करते, टॅली आणि विंडोज चालू होताना हीच बारीक रीड लागतात. लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ठाण्यातून, पण बिल आणि वॉरंटी घेऊन. जुन्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी म्हणजे क्लोन करू नका, खराब सेक्टरवर अडकेल, नवीन इन्स्टॉल करा. लायसन्स मदरबोर्डला जोडलेलं असतं, तीच एडिशन टाकली की नेटला जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होईल.

कळवा_सिस्टिमवाला
आणि मेमरी टॅबमध्ये स्लॉट्स यूज्ड बघा, एक रिकामा असेल तर ४ ची ८ करून घ्या, एका फेरीत दोन्ही कामं होतील. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सातवी जनरेशन ११ ला अधिकृत चालत नाही, तर ईएसयूमध्ये (सपोर्ट संपल्यावरही सिक्युरिटी अपडेट देणारी मायक्रोसॉफ्टची योजना) नाव नोंदवा म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट येतील. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं.

ऐरोलीकर
डेटा कॉपी करायला लावलाय, हळूहळू का होईना येतोय. रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे. शनिवारी जातो. एसएसडी टाकल्यावर त्या लिस्टमधलं काही करायचं का?

कळवा_सिस्टिमवाला
काही नाही. सिसमेन, सर्च आहे तसं ठेवा. आणि ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्जचं शेड्युल कोणी बंद करा म्हणालं तर करू नका, एसएसडीवर ते डीफ्रॅग नाही तर ट्रिम चालवतं, म्हणजे डिलीट झालेल्या डेटाच्या जागा एसएसडीला कळवतं, आणि ते तिला लागतं.