स्क्योपेत्तीनो नावाची रेड वाइन कुठे आणि कशी शोधायची?

मिरपूडवाला
मित्राकडे एक इटालियन रेड प्यायलो, स्क्योपेत्तीनो. रंग गडद पण प्यायला अजिबात जड नाही, आणि ग्लास नाकाजवळ नेला की सरळ ताज्या काळ्या मिरीचा वास, मला वाटलं भास होतोय पण बाकीच्यांनाही तोच येत होता, एकजण सोडून, त्याला काहीच नाही. मोठ्या दुकानांत विचारलं तर समोरचा ब्लँक, शिराझ काढून दाखवतो. आता फक्त वाइनच विकणाऱ्या छोट्या मर्चंटकडे जायचं म्हणतोय, पण तिथे नेमकं विचारायचं काय? नाव घेतलं, नाही म्हणाला, विषय संपला असं व्हायला नको.

जुनी_बाटली
दोन्ही नावं घेऊन विचारा, काही याद्यांमध्ये ती रिबोल्ला नेरा म्हणून असते. रिबोल्ला जाल्ला ही पांढरी, तिचा हिच्याशी काही संबंध नाही, ऑर्डर देताना तेवढं बघा. ही द्राक्षाची जात फ्रिउलीची, ईशान्य इटलीत स्लोव्हेनियाच्या सीमेला लागून, प्रेपोत्तो गावाच्या आसपासची. लेबलवर 'स्क्योपेत्तीनो दि प्रेपोत्तो' दिसलं तर डोळे झाकून उचला, मी तरी उचलतो.

मिळत नाही याचं कारण साधं आहे, लागवडच कमी. फायलॉक्सेरा किडीने वेली गेल्यावर तिकडच्या लोकांनी मेर्लो वगैरे फ्रेंच जाती लावल्या आणि ही जवळपास संपलीच होती. 1970 च्या दशकात रोंकी दि चाल्ला या वायनरीच्या रापुझ्झी कुटुंबाने उरल्यासुरल्या वेलींपासून ती पुन्हा उभी केली. ग्रप्पा (द्राक्षाच्या चोथ्याची इटालियन दारू) बनवणाऱ्या नोनिनो कुटुंबाने तर 1975 मध्ये अशा स्थानिक जाती वाचवणाऱ्यांसाठी बक्षीसच सुरू केलं.

नाक_आणि_जीभ
त्या एका मित्राला बोलू नका हो 😄 मिरीचा वास रोटंडोन नावाच्या रसायनाचा, आणि साधारण पाचातल्या एका माणसाला तो येतच नाही. शिराझमध्येही तेच असतं, म्हणजे तुमचा दुकानदार अगदीच चुकला नव्हता, पण उन्हाळी भागातली जाड गोडसर शिराझ हातात ठेवली तर काय उपयोग, तिच्यात मिरी दबून जाते. म्हणून मर्चंटला नावाच्या आधी चव सांगा: मिरी हवी, अंग हलकं, ओकच्या लाकडी पिंपाची चव कमी. चांगला असेल तर तो स्वतःच व्हेस्पोलिना ही इटालियन रेड किंवा फ्रान्समधल्या उत्तर ऱ्होनची सिरा (शिराझचंच फ्रेंच नाव) काढेल. आणि न विचारता सगळ्यात महाग बाटलीकडे हात गेला तर तिथून निघा.

फुकटचा_सल्ला
स्पेशालिस्ट म्हटलं की सगळे भारावतात, मला तेवढं कौतुक नाही. दुर्मिळ जातीची बाटली खपायला वेळ लागतो आणि तोवर ती कुठे उभी होती हा खरा प्रश्न. मला एकाने खिडकीतल्या उन्हात उभी असलेली बाटली बोलबोलून गळ्यात मारली होती, उघडली तर मनुकांचा काढा. व्हिंटेज, म्हणजे द्राक्षं काढल्याचं साल बघा, माल कधी आला विचारा, बूच वर आलंय का, मानेतली पातळी उतरलीय का ते बघा. एवढं विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडून घेऊ नका.

जुनी_बाटली
हे बरोबर. अजून एक, आता जी प्यायलात तिच्या मागच्या लेबलवर आयातदाराचं नाव असेल. तेच धरून विचारा, बऱ्याचदा छोटे मर्चंट ठरावीक आयातदारांकडूनच माल उचलतात. स्टॉक नसेल तर पुढच्या खेपेत सांगून ठेवता येते, त्यासाठी अख्खी पेटी घ्यायची गरज नाही, मिक्स पेटीत एक-दोन बाटल्या टाकायला सांगा.

मिरपूडवाला
मागचं लेबल बघायचं सुचलंच नव्हतं. मित्राला फोन केला, बाटली अजून कचऱ्यात गेली नाहीये, फोटो पाठवतोय.

नाक_आणि_जीभ
मिळाली की थोडी गार करून घ्या, 16 डिग्रीच्या आसपास. फार गरम झाली की आधी अल्कोहोलच नाकात जातं.