रब्बी आतषबाजीकडे पाठ करून का उभे राहिले?

एडिसनकर (प्रश्न)

2015 साली 4 जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, शनिवारी आला होता. न्यू जर्सीत आमच्या शेजारी राहणाऱ्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, त्या रात्री आम्हाला सहकुटुंब आपल्या अंगणात बोलावले होते. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपताच त्यांनी अनेक वातींची पिळाची मेणबत्ती पेटवून हवदालाची, म्हणजे शब्बाथला निरोप देण्याची, प्रार्थना म्हटली आणि ती ज्योत द्राक्षरसात विझवली. तेवढ्यात समोरच्या शाळेच्या मैदानावरून आतषबाजी सुरू झाली. आम्ही सारे माना वर करून पाहत होतो. रब्बी मात्र आकाशाकडे पाठ करून आमच्याकडे पाहत उभे होते. मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, “या उजेडासाठी माझ्याजवळ बेराखा नाही, पण यात तुमचे चेहरे दिसत आहेत.”

आकाशातल्या विजेसाठी बेराखा, म्हणजे स्तुतिवचन, आहे आणि मेणबत्तीच्या ज्योतीसाठीही आहे. मग आतषबाजीसाठी का नसावे? त्यांच्या बोलण्याला शास्त्राचा आधार होता, की ते त्यांचे स्वतःचे चिंतन होते?

ठाणेकर बेने इस्राएल (मराठी ज्यू)

दोन्ही होते, असे मला वाटते. वीज चमकली की आम्ही सृष्टी घडवणाऱ्याची स्तुती करतो, कारण त्या प्रकाशात माणसाचा हात नसतो. पण केवळ मानवनिर्मित म्हणून आतषबाजी वगळली गेली, असे म्हणता येणार नाही. हवदालाची ज्योतही माणूसच पेटवतो. तालमूद हा ज्यूंचा प्राचीन धर्मग्रंथ सांगतो की पहिला शब्बाथ संपल्यावर आदामाने दोन दगड एकमेकांवर घासले आणि त्यांतून अग्नी निघाला. शनिवारी रात्री आपण त्याचेच स्मरण करतो. बेराखांचे शब्द प्राचीन आचार्यांनी ठरवून दिलेले असल्यामुळे आज कोणी नवी बेराखा रचत नाही, हे तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर झाले.

मात्र मिश्नातील, म्हणजे तालमूद ज्यावर आधारलेला आहे त्या नियमसंग्रहातील, एक नियम येथे फार महत्त्वाचा आहे. दिव्याच्या उजेडाचा प्रत्यक्ष उपयोग होईपर्यंत त्यावर बेराखा म्हणू नये, असे तेथे सांगितले आहे आणि तालमूदात त्याचे एक माप असे दिले आहे की त्या उजेडात एक नाणे दुसऱ्यापासून वेगळे ओळखता आले पाहिजे. म्हणूनच हवदालाच्या वेळी आम्ही बोटे ज्योतीजवळ धरून नखे पाहतो. माझी आजी लहानपणी माझी बोटे आपल्या हातात धरून ती दुमडायला लावी, आणि नखांवर उजेड व तळहातावर सावली पडलेली मला दाखवी. तुमच्या रब्बींनी त्या क्षणभंगुर उजेडाचा उपयोग माणसे पाहण्यासाठी केला, आणि मला त्यांचे ते उभे राहणे याच नियमाशी जोडलेले वाटते.

अलिबागचा वाचक

हवदालानंतर एलियाहू संदेष्ट्याचे गीत म्हणण्याची प्रथा आहे, हेही येथे नोंदवावेसे वाटते. आमच्या अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावरील खुणा बेने इस्राएल लोक एलियाहूच्या अग्निरथाच्या म्हणून दाखवतात आणि तेथे पोहे, खोबरे, गूळ व फळे घेऊन मलिदा हा विधी करतात. ज्याला अग्निरथ घेऊन गेला, त्याच संदेष्ट्याला होरेब पर्वतावर आधी वादळ, मग भूकंप आणि मग अग्नी दिसला, पण परमेश्वर त्यांपैकी कशातही नव्हता. त्यानंतर जे आले त्याला हिब्रूत ‘कोल दमामा दका’ म्हणतात. त्यातील ‘दमामा’ म्हणजे निःशब्दता. शेवटचा बार झाल्यानंतर रब्बी काही बोलले का?

अश्दोदहून

इस्राएलमध्ये स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी हुतात्म्यांच्या स्मृतिदिनाचा सूर्य मावळल्यावर होते. त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता भोंगा वाजतो आणि सारा देश दोन मिनिटे स्तब्ध उभा राहतो. युद्धावरून परतलेल्या अनेकांना रात्रीचे ते आवाज सहन होत नाहीत. अशा वेळी आकाशाकडे न पाहता शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहणे मला अतिशय आवश्यक वाटते.

एडिसनकर

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. शेवटच्या बारानंतर रब्बी काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तम्मूझ या ज्यू महिन्यातला, पहाटेपासूनचा उपवास असल्याने त्यांना पहाटेपूर्वी जेवून घ्यायचे होते, तरीही धूर विरेपर्यंत ते तसेच उभे राहिले. माझी धाकटी मुलगी कानांवर हात ठेवून माझ्या मांडीला बिलगली होती. मी वर पाहत असल्याने ते माझ्या लक्षात आले नव्हते. त्यांच्या आले होते. त्यांनी खाली वाकून तिला ती विझलेली, अजून कोमट असलेली मेणबत्ती धरायला दिली.