सांगलीच्या गावभागात जुने वाडे पाडून फ्लॅट होतायत, हरकत घ्यायची तर नेमकी कशावर आणि कुठं?

गल्लीतला_एक

नमस्कार मंडळी. आम्ही मारुती चौकाच्या मागच्या बाजूला राहतो, गल्ली इतकी अरुंद की रिक्षा आत आली की समोरच्या मोटरसायकलवाल्याला मागं सरावं लागतं. आमच्यासमोरचा जुना वाडा गेल्या महिन्यात पाडला, तिथं आता खाली पार्किंग, त्याच्यावर दुकानं आणि वर फ्लॅट असं काम सुरू हाय, शेजारच्या दोन वाड्यांची पण बोलणी चाललीत असं ऐकलं. वाड्यात चार-पाच कुटुंबं असायची, आता किती येणार देव जाणे. गटार तेच, नळाची लाईन तीच, गल्ली तीच.

मला फ्लॅटचं वाकडं नाही, आधीच सांगतो. आमचं घर पण जुनंच आहे आणि उद्या भावांनी विकायचं ठरवलं तर मी एकटा काय करणार. पण पुराचं काय? २०१९ ला आमच्या तळमजल्यावर छताला हात लावेल इतकं पाणी होतं, २०२१ ला परत आलं. आता समोरच्यानं भर टाकून जोतं वर घेतलंय म्हणजे तो कोरडा राहणार आणि ते पाणी आमच्याकडं असं मला साधं वाटतं, चूक असेल तर सांगा. महापालिकेच्या ऑफिसात विचारायला गेलो तर "नकाशा मंजूर आहे" एवढंच ऐकून परत आलो. गल्लीत विषय काढला तर लोक म्हणतात विकासाला आडवा जातोय. कुणी हे प्रकरण जवळून बघितलंय का? हरकत कुठं द्यायची, कशावर द्यायची?

कुपवाडरोड_चा_पोरगा

दादा राग मानू नका पण वाडा वाडा करून गळा काढणारे बहुतेक जण स्वतः विश्रामबागला फ्लॅटमध्ये राहतात. आमच्या आजोळचा वाडा होता, सात हिस्सेदार, एक अमेरिकेत एक पुण्यात, पावसाळा आला की कौलं कोण बदलणार यावर भांडणं, माती भिंत फुगलेली, शेवटी मागची खोली बसली तेव्हा कुठं सगळ्यांनी सह्या केल्या. दुरुस्तीला कुणी दमडी देत नाही. मग बिल्डर आला तर तो वाईट? सांगलीत पोरांना राहायला जागा नको काय, सगळी पुण्याला जायची आणि मागं म्हातारी माणसं राहायची असं चाललंय. पेठेत माणसं राहिली तर पेठ जगेल. नुसती दुकानं आणि गोडाऊन राहिली तर रात्री आठनंतर हरभट रोडवर कुत्रं पण दिसणार नाही.

पार्किंगचं मात्र तुमचं बरोबर हाय. खाली पार्किंग दाखवायचं आणि वर्षभरात शटर लावून भाड्यानं द्यायचं हे सगळीकडं बघतोय.

नकाशा_बघणारा

मी बरीच वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो, आता स्वतःचं छोटं काम आहे, त्यामुळं थोडं लांबण लावतो.

पहिली गोष्ट, बऱ्याच जणांचा इथंच घोळ होतो. जाहीर हरकती मागवतात त्या विकास आराखड्यावर किंवा आराखड्यातल्या बदलावर. १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल, तेव्हा पेपरात नोटीस येते, मुदत असते, सुनावणी होते. एका प्लॉटच्या बांधकाम परवान्याला अशी हरकत कुणी मागवत नाही. त्यामुळं "विकासाला विरोध" असा अर्ज दिलात तर तो फायलीत झोपणार. तुम्हाला विचारायचंय ते असं, की मंजूर नकाशा काय आहे आणि जाग्यावर काय चाललंय. दोन्हीत फरक दिसला तर तुमच्या हातात काहीतरी आहे.

पुराचं. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची, आखायचं काम जलसंपदाकडं. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक राज्यात जी बांधकामाची एकत्रित नियमावली लागू झाली तिच्यात नदी ते निळी रेषा हा भाग निषिद्ध धरलाय, नवीन बांधकाम नाही. पण अधिकृत जुन्या बांधकामाच्या जागी परत बांधायला वाट ठेवलीय, जोतं लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर घ्यायच्या अटीवर. निळी आणि लालच्या मधल्या भागातही जोत्याची तीच अट. म्हणजे समोरच्यानं जोतं वर घेतलंय ते कदाचित नियमानंच. तुमची तक्रार जोत्यावर न करता भरावावर करा. खाली खांबांवर उघडं ठेवलं तर पाणी खालून जातं येतं, पण मुरूम टाकून पूर्ण भरलं आणि चारी बाजूनं भिंत घातली तर तेवढी पाण्याची जागा गेली. आणि गल्लीत एकानं नाही, पाच जणांनी तसं केलं की फरक पडतो. ते खालचं पार्किंग शटर मारून बंद करणं म्हणूनच नुसतं गाड्यांचं प्रकरण नाही, पाण्याची वाट पण बंद होते.

रस्त्याची रुंदी पण बघा. एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या मानानं किती बांधकाम करता येतं) किती आणि टीडीआर (म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) चढवता येतो का, हे समोरच्या रस्त्यावर ठरतं, ९ मीटरच्या आतल्या गल्लीत टीडीआर चालत नाही. नकाशात रस्ता किती रुंद दाखवलाय ते टेप घेऊन एकदा मोजा. मी बघितलेल्या कामांमध्ये गंमत बहुतेक वेळा इथंच सापडते.

शामरावनगर_तळं

गावभागवाल्यांनो तुमच्याकडं निदान नदी येते आणि जाते. आमच्याकडं नदी न येता पण पाणी असतंय. शामरावनगरात काळी माती, सखल भाग, आणि प्लॉट पडले ते गुंठ्यागुंठ्यानं, कुणाच्या शेताचा बांध कुणाच्या भिंतीत गेला, नैसर्गिक ओघळ होते ते बुजवून त्यावर घरं झाली. असे बिनपरवानगी पाडलेले गुंठ्यांचे प्लॉट नियमित करायला २००१ चा गुंठेवारीचा कायदा आला, मग २०२१ ला मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली, पैसे भरा आणि नियमित करा. घर नियमित झालं. ओघळ नियमित करायला कुणी आलं नाही.

आणि पूर म्हटलं की सगळे आयर्विन पुलाकडं बघतात, तिथं कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट इशारा, ४५ धोका, पोरगं पण पाठ म्हणतंय. २०१९ ला साडेसत्तावन्नच्या आसपास गेलं तेव्हा तर काय सगळंच गेलं. पण पाणी समोरून नदीतनं चालत येतंय असं समजू नका, ते आधी मागनं नाल्यातनं येतंय. नदी चढली की नाल्याचं पाणी बाहेर पडत नाही, उलटं फिरतं, ड्रेनेजच्या झाकणातनं वर येतं. शेरीनाल्याच्या बाजूला राहणाऱ्याला विचारा. तुम्ही अजून पन्नास संडास त्याच जुन्या लाईनला जोडताय, मग पावसाळ्यात कुणाच्या मोरीतनं ते वर येणार ह्याचा हिशोब कुठल्या नकाशावर असतोय?

सगळा दोष कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला देऊन मोकळं व्हायचं हे पण बास झालं आता. अलमट्टीची उंची वाढवायला माझा पण विरोधच आहे, पण २०१९ च्या पुराचा अभ्यास करायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं पात्रातली अतिक्रमणं आणि पूरक्षेत्रातली बांधकामं यावर बोट ठेवलं होतं ते आपण सोयीनं विसरतो, कारण ते आपल्याच गल्लीतलं असतंय ना.

कुपवाडरोड_चा_पोरगा

शामरावनगरवाले, मग करायचं काय? पुराच्या भागात बांधायचं नाही, उपनगरात सखल म्हणून बांधायचं नाही, मग माणसं राहायची कुठं, मिरजेच्या डोंगरावर? 😄

शामरावनगर_तळं

दंडोबावर 😄 अरे बांधा की. आधी नाला मोकळा करा, लाईन मोठी टाका, मग बांधा. आपल्याकडं उलटं असतंय, आधी फ्लॅटची पूजा, मग दहा वर्षांनी ड्रेनेजचं भूमिपूजन.

पेठेतला_भाडेकरू

माझा प्रश्न थोडा वेगळा पण ह्याच्यातलाच. गणपती पेठेत वडिलांच्या आधीपासनं आमचं दुकान, भाड्याचं, भाड्याची पावती आहे. मालकांचा आता कॉम्प्लेक्स करायचा विचार. तोंडी सांगतायत "तुम्हाला खाली दुकान देतो, काळजी करू नका", आणि दुसऱ्या बाजूनं इमारत धोकादायक आहे अशी नोटीस येणार असं कानावर येतंय. इमारत जुनी आहे हे खरं, पण पडायला आलेली नाही. आमच्यासारखी अजून चार-पाच दुकानं आहेत. मुख्य पेठेत लोक येतात ते चालत चालत दहा दुकानं बघत, आम्हाला पहिल्या मजल्यावर मागच्या कोपऱ्यात टाकलं तर गिऱ्हाईक जिना चढून मसाला घ्यायला येणार आहे का?

नकाशा_बघणारा

चावी देऊ नका. लेखी नोंदणीकृत करार झाल्याशिवाय तर अजिबातच नको. करारात कुठला मजला, दर्शनी बाजू की मागची, कार्पेट (भिंती सोडून आतली वापरायची जागा) किती, काम चालू असताना तात्पुरती जागा कुठं आणि तिचं भाडं कोण भरणार, हे सगळं आकड्यात पाहिजे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात पाडून परत बांधायचं म्हणून जागा मागितली तर भाडेकरूला परत जागा मिळायची तरतूद आहे, पण तिच्यात मुदती असतात आणि त्या गेल्या की गेल्या, म्हणून भाड्याच्या केसेस करणारा वकील आत्ताच धरा. धोकादायकची नोटीस आलीच तर तुमचा स्वतःचा स्ट्रक्चरल ऑडिट (इंजिनिअरकडनं इमारतीच्या मजबुतीची तपासणी) करून घ्या, सगळे दुकानदार मिळून खर्च वाटून घ्या. आणि पाडायच्या आधी प्रत्येकाच्या ताब्यात किती जागा होती ते मोजून लेखी घ्या, नंतर ती भिंतच नसते, दाखवणार काय.

मीटरखोली

फ्लॅट घेणाऱ्यांनी पण थोडं बघून घ्या की, सगळा भार जुन्या रहिवाशांवर का. माझ्या मेव्हण्यानं गावभागाजवळ फ्लॅट घेतला, दुसऱ्या मजल्यावर म्हणून खूश होता. २०२१ ला पाणी घरात आलं नाही पण मीटरखोली तळमजल्यावर, लिफ्टची मोटर खाली, बोअरचा पंप खाली. पाणी ओसरल्यावर पण किती दिवस अंधार आणि वर पाणी नाही, म्हाताऱ्या सासूला खुर्चीवर बसवून जिन्यानं उतरवलं. बुकिंग करताना मीटर कुठल्या मजल्यावर आहेत एवढं विचारा.

आणि रेराचं, म्हणजे फ्लॅट घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याचं. जागा ५०० चौरस मीटरच्या आत असली किंवा फ्लॅट ८ पर्यंतच असले तर रेरा नोंदणी लागत नाही. वाड्याचे प्लॉट बहुतेक लहानच असतात, त्यामुळं "रेरा नंबर द्या" म्हटलं की बिल्डर हसतो, आणि तो खोटं बोलत नसतो. तिथं तुमचा वकील हाच तुमचा रेरा.

गल्लीतला_एक

सगळ्यांचे आभार, विशेषतः नकाशावाल्यांचे. म्हणजे मी आता परवान्यावर हरकत न घेता मंजूर नकाशाची प्रत आणि पूररेषेचा दाखला माहिती अधिकारात मागतो. गल्ली टेपनं मोजतो, शेजारच्या काकांना बरोबर घेऊन, नाहीतर परत विकासविरोधी म्हणतील. भरावाचे फोटो तारखेसकट काढायला सुरुवात केलीय. कुपवाडरोडच्या भावाला एवढंच सांगतो, तुझं हिस्सेदारांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आमच्या घरात पण तेच शिजतंय.

एक विचारायचं राहिलं, अर्जात पत्ता काय लिहू? वाड्याला नाव होतं ते आता पाटीसकट गेलं.

नकाशा_बघणारा

नाव लिहिलं तर "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर यायची शक्यता जास्त. सिटी सर्व्हे नंबर लिहा. तो नगर भूमापनच्या मिळकत पत्रिकेवर मिळेल, ऑनलाईन पण निघते. मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करायचा दाखला, पूररेषेबाबत जोडलेली कागदपत्रं आणि ड्रेनेज जोडणीची परवानगी, ह्या चार गोष्टी वेगवेगळ्या ओळीत मागा, एकाच वाक्यात कोंबू नका. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवस वाट बघा आणि उत्तर आलं नाही तर पहिलं अपील लगेच टाका. आणि बांधकाम संपून भोगवटा दाखला (राहायला यायची परवानगी) मिळायच्या आत हे सगळं हातात पाहिजे, त्याच्यानंतर लोक राहायला आले की कुणी काही पाडत नाही.