सिलेक्टिव्ह म्युटिझम: स्पीच थेरपी शाळेतच का होऊ नये?

टकळीची_आई: माझी मुलगी सहा वर्षांची. घरी टकळी अखंड चालू, शाळेत मात्र तोंडातून शब्द फुटत नाही. यालाच सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात: बोलता येत असूनही ठरावीक ठिकाणी आवाजच फुटत नाही. मागे शू लागल्याचं सांगता आलं नाही म्हणून ओल्या फ्रॉकमध्ये तासभर बसून होती. आठ महिने क्लिनिकमध्ये स्पीच थेरपी चालू आहे. तिथल्या ताईंशी आता मस्त गप्पा मारते, वर्गात अजूनही चिडीचूप. जिथे आवाज अडकतो तिथेच थेरपी व्हायला हवी, असं माझं ठाम मत झालंय.

मनोमार्ग: मुळात स्पीच थेरपी कशाला? बोलता येतंच आहे की तिला! पूर्वी याला 'इलेक्टिव्ह' म्युटिझम म्हणत, जणू मूल ठरवून गप्प बसतं. १९९४ मध्ये डीएसएम-४ ने (डीएसएम म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची मनोविकारांची सूची) ते नाव बदललं आणि २०१३ च्या डीएसएम-५ ने हा त्रास चिंताविकारांत घातला. भीतीवर उपचार बालमानसतज्ज्ञच करणार.

वाचाताई: मी स्पीच थेरपिस्ट आहे. भीती मूळ आहे हे मान्य, पण यातल्या काही मुलांना भाषेची किंवा उच्चारांची अडचणही असते आणि ती गप्प राहण्यामागे झाकली जाते. ती कोण तपासणार? मी पालकांकडून घरातल्या बोलण्याचे व्हिडिओ मागवते. दोघांनी मिळून काम करायचं, हे साधं आहे, पण होत नाही.

दुसरी_ब: मी शिक्षिका. वर्गात चाळीस मुलं. बाहेरची बाई येऊन एकीजवळ बसली की सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. आधीच मुलं मला सांगतात, "बाई, ती बोलतच नाही." तिचा तमाशा नको. माझा विरोध याला आहे, मुलीला नाही.

टकळीची_आई: बाई, भर वर्गात नकोच. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मी आणि ती पत्ते खेळू. तुम्ही आधी नुसत्या दाराबाहेर वह्या तपासा. तिचा आवाज टिकला की दारात, मग शेजारच्या बाकावर, मग एक डाव आमच्यात. आवाज दबला तर एक पाऊल मागे. यालाच स्लायडिंग-इन म्हणतात. आणि एरवी "हो की नाही?" विचारू नका, ती मान हलवून मोकळी होते. "लाल की निळा?" विचारा आणि मनात पाच आकडे मोजा. मीच कितीदा तिच्या आधी उत्तर देऊन टाकलंय, आता जीभ चावून थांबते. बोललीच तर टाळ्या नकोत, पुढच्या वेळी ती आणखी आक्रसते.

वाचाताई: अगदी हेच. पायऱ्या मी आखून देईन, पण रोजचं काम तुम्हा दोघींचं.

मनोमार्ग: यात भीतीचं मोजमापही ठेवा, नाहीतर घाई होते.

दुसरी_ब: पाच आकडे मोजणं जमेल. रोज पंधरा मिनिटं वर्गही उघडा ठेवीन. तास चालू असताना थेरपिस्टने येऊन बसणं मात्र मला अजून पटलेलं नाही.